मैनेचा निरोप

काष्टीच्या कानिफनाथ पशुखाद्य भांडारात नवरा-बायकोचं वाजायला एकच कारण होतं : सुरेखानं दुकानाच्या कॉम्प्युटरवर आणलेलं नवं सॉफ्टवेअर. गिऱ्हाइकांशी नातं सांभाळणारं, सीआरएम म्हणतात ते. पहिला महिना फुकट होता, पुढं पैसे लागणार होते.

"आपलं एक्सेल काय वाईट हाय?" अमृत म्हणायचा. एक्सेल म्हणजे त्याचा जीव की प्राण. कुणाच्या गोठ्यात कोणती गाय, कोण सरकी पेंड नेतं, कुणी धार काढायचं मशीन घेतलं, सगळं रंगीत रकान्यांत.

"वाईट न्हाई वो. पन ते कोठीसारखं हाय. तुमी झाकन उघडाल तवा दाखवनार. मशीन नेल्यावर सूर्यभाननानांनी कितींदा फोन केला! तुमी 'मानूस पाठवतो' म्हनलात न् इसरलात. एक्सेलनं आठवन केली का? हे करतं. कुनाला काय कबूल केलं, कुनाशी लई दिवस बोललो न्हाई, ते आपनहून सांगतं."

अमृतला हे झोंबलं, कारण खरं होतं. वडिलांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक सूर्यभाननाना आता दुकानासमोरून मान वळवून जायचे.

"बरं," तो म्हणाला. "म्हैना संपायच्या आत नाना परत आले तर ठेवू. न्हाई तर काढून टाकायचं."

"चालंल," सुरेखा बोलून गेली, आणि मग तिला कळलं, आपण काय पणाला लावलं ते. सॉफ्टवेअर गेलं असतं तर दुकानात तिच्या शब्दाला पुन्हा कुणी विचारलं नसतं.

त्याच संध्याकाळी तिनं अमृतची सगळी यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली आणि बरेच दिवस न बोललेल्यांना आपोआप निरोप जाईल अशी सोय करून ठेवली.

सकाळपासून फोन खणखणायला लागले. झालं होतं असं, की पेंड किती लागते ते गाईवर ठरतं, म्हणून अमृतच्या यादीत पहिला रकाना गाईच्या नावाचा होता. एक्सेलला त्याचं सोयरसुतक नव्हतं, ते कुणाशी बोलतच नाही. नव्या सॉफ्टवेअरनं मात्र पहिलं नाव गिऱ्हाइकाचं धरलं आणि गावोगावी निरोप धाडले : 'प्रिय चंद्री, बरेच दिवस बोलणं झालं नाही. सगळं ठीक आहे ना?'

बाजारचा दिवस. जो येईल तो हसतच पायरी चढे. अमृत तर पोट धरून हसत होता. "नातं जोडलंस खरं, पन गाईंशी!" सुरेखाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

एवढ्यात सूर्यभाननाना आले. हात लांब करून मोबाईल पुढं धरलेला, कपाळावर आठ्या. अमृतचं हसू जागच्या जागी विरलं.

"'प्रिय मैना'," नानांनी मोठ्यानं वाचलं. "ह्यो कुनी धाडला?"

"मी, नाना. चुकलं माझं."

नानांच्या मिशा हलल्या.

"मैना म्हनती, ठीक कशाचं? गाभन हाय, पाचवा म्हैना लागलाय, न् तुमचं मशीन सुरू झालं की लाथा झाडती. मला इचारायला कुनी आलं न्हाई, सूनबाई. तिला तरी इचारलंत!"

सगळं दुकान हसलं. सुरेखानं अमृतच्या हातात हत्यारांची पिशवी दिली आणि त्याच संध्याकाळी दोघं नानांच्या मळ्यात गेली. अमृतनं मशीनचं प्रेशर कमी केलं. सुरेखानं ते गोठ्याच्या कडेला नुसतंच चालू ठेवलं आणि मैनेची मान खाजवत बसली. "थोडे दिवस असंच करा, नाना. आवाजाची सवय होऊ द्या तिला."

पुन्हा जायची आठवण सॉफ्टवेअरनं केली. दोघं गेली, तर मशीन लावलेलं आणि मैना निवांत रवंथ करत उभी. पुढच्या बाजाराला नानांची पेंड कानिफनाथ भांडारातूनच टेम्पोत चढली. सॉफ्टवेअर राहिलं. रकाने अमृतनं स्वतः बसून नीट केले.

"मैनेच्या जागी नानांचं नाव घालू?"

"मैनेला हात लावायचा न्हाई," सुरेखा म्हणाली.

होळीच्या आधी नानांचा फोन आला. "सूनबाई, मैना व्याली! कालवड झाली. तुमच्या कॉम्प्युटरला सांगा, नवं गिऱ्हाईक आलंय."

"नाव काय लिवू, नाना?"

"आमच्या मंडळींनी ठिवलंय. सुरेखा."

सुरेखाला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. तशीच हसत-रडत तिनं नाव टाईप केलं.

पुढं एका सकाळी अमृतनं कॉम्प्युटर उघडला, तर समोरच आठवण आलेली : 'सुरेखा यांच्याशी बरेच दिवस बोलणं झालं नाही. फोन करा.' त्यानं बायकोकडं पाहिलं. ती पाठमोरी पेंड तोलत होती. त्यानं मोबाईल उचलला, आणि तिचा वाजला.

"प्रिय सुरेखा," गल्ल्यावरूनच अमृत म्हणाला, "सगळं ठीक हाय ना?"