आत्तीनं खाल्लेली बोलणी

कळंब्यात प्रसेनजीतचं औषधाचं दुकान होतं. पारूबाई त्याची सख्खी आत्ती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. जेवणावरची तिची वासना उडाली, दोन घासांत पोट गच्च व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टर सोडून ती भाच्याच्या दुकानाची पायरी चढली.

"पित्त हाय, आत्ती," म्हणत त्यानं गोळ्या दिल्या. असे सात महिने. मध्ये एकदा ती दबक्या आवाजात म्हणाली, "परसाकडं काळं हुतंय रं." दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं. "रक्तवाढीच्या गोळीनं हुतंय," तो म्हणाला. ते पोटातलं रक्त होतं आणि ती गोळी त्यानं तिला कधी दिलीच नव्हती, हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आलं.

चक्कर येऊन ती पडली, तेव्हा शहरातल्या दवाखान्यात दुर्बीण घालून तपासलं. तुकडा तपासणीला गेला. जठराचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "स्कॅनमध्ये तो लिव्हरपर्यंत गेलेला दिसत नाही. आधी चार केमो, गाठ आकसली की ऑपरेशन, मग उरलेले केमो. जठराचा बराच भाग काढावा लागेल. थोडं थोडं खाऊन माणूस जगतो." मग विचारलं, "इतके दिवस कुणाला दाखवलं?"

"कुणालाबी न्हाय. मीच अंगावर काढलं," पारूबाई म्हणाली.

"घरात औषधातला माणूस असून?" डॉक्टर तिला बरंच बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. प्रसेनजीतनं चित्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

केमोनं तिचे केस गेले. भेटायला येणाऱ्यांना ती सांगायची, "भाचा हाय म्हणून वाचले." ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चौथ्या केमोला तो डॉक्टरांपुढं उभा राहिला. "सर, त्या दिवशी आत्ती खोटं बोलली. सात महिने गोळ्या मीच देत होतो. काळं होतंय, तेही तिनं मला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी तिची फाईल मागं चाळली. "तेव्हाच आला असतात तर कदाचित नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं," एवढंच म्हणाले.

बाहेर आल्यावर आत्ती भडकली. "कशापायी सांगितलंस? दुकान बुडवायचंय व्हय?"

"माझी बोलणी तू खाल्लीस की गं."

"खाल्ली तर खाल्ली. ल्हानपणी तुझ्यापायी शाळंत मास्तराची न्हाईत व्हय खाल्ली?"

ऑपरेशन निभावलं. आता पारूबाई दिवसातनं सहा वेळा वाटी-वाटी खाते. दुपारी प्रसेनजीत दुकान बंद करून येतो, वाटी संपेपर्यंत समोर बसतो. ती त्याच्याकडं बघून हसते. त्याला मात्र नजर वर करायचा धीर अजून होत नाही.