कैरोच्या मानकऱ्यासाठी गाऱ्हाणं

आमच्या पेडण्याकडच्या गावात रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. नारळ ठेवला की मी देवाशी बोलतो, जमलेले लोक 'होय महाराजा' म्हणतात, आणि देवाने ऐकलं असं आम्ही धरून चालतो. बत्तीस वर्षांत माझं एक गाऱ्हाणं वाकडं गेलं नव्हतं. निदान २०११ सालच्या जानेवारीपर्यंत तरी नाही.

त्या महिन्याच्या शेवटी शेजारची चंद्रावती वयनी नारळ घेऊन आली. नवरा जाऊन तिला दहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा सगुण इजिप्तमध्ये, कैरोच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. तिथे लोक चौकात उतरले होते, तीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाला जा म्हणत होते, आणि सगुणचा फोन तीन दिवस लागत नव्हता. टीव्हीवर नुसते रणगाडे. वयनीच्या पोटात पेजेखेरीज काही गेलं नव्हतं.

"काय मागूया?" मी विचारलं.

"ह्यो दंगो थांबांदे. माझो झील सुखरूप रवांदे."

तेवढंच बोललो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण थोडक्यात आटोपणं माझ्या स्वभावात नाही. त्यात टीव्ही बघून माझं डोकं तापलेलं. म्हाताऱ्या माणसाला तीस वर्षांनी उठ म्हणायचं, ही काय रीत झाली? मानकरी तो मानकरी. देवळात नारळ ठेवून चारचौघांसमोर मी खणखणीत आवाजात सांगितलं, "बा देवा महाराजा, त्या देशाच्या मानकऱ्याची खुर्ची राख. तेच्या वाटेत जो कोण आडवो येयत तेका बाजूक कर. आणि ह्या माउलीच्या लेकराक सांभाळ." सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हटलं. वयनीनेही म्हटलं.

दोन दिवसांनी सगुणचा फोन आला. हॉटेल बंद पडलं होतं. सोबतची भारतीय मंडळी विमानाने परत निघाली, हा मात्र राहिला. तो राहायचा त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक विधवा आणि तिचा मुलगा होता. त्यांनी ह्या परक्या पोराला वर्षभर आपल्यात जेवायला बसवलं होतं. तो मुलगा चौकात गेला आणि गोळी लागून मेला. आता सगुण रोज चौकातल्या माणसांसाठी मोठ्या टोपात मसूर शिजवत होता. फोन ठेवताना म्हणाला, "आई, तो म्हातारो जाईसर मी हयसून हलूचंय नाय. तो रवलो तर आमका एकेकाक धरून न्हेतले."

वयनी तशीच माझ्या पडवीत आली.

"भिकाजीबाब, आडवो येयत तेका बाजूक कर म्हटलात तुमी. थय माझो झीलच आडवो उभो आसा. ता गाऱ्हाणा परत घेवा."

मी भडकलो. खरं तर घाबरलो होतो, पण घाबरलो की मला राग येतो. "देवाकडे बोललेला परत घेवंक जायना, वयनी. आज एक मागायचा, उद्या दुसरा? देव काय दुकानदार?" माझ्या बापाने, आज्याने कधी गाऱ्हाणं फिरवलं नव्हतं. शिवाय फिरवायचं म्हणजे चारचौघांत 'मी चुकलो' म्हणायचं. खरी अडचण तीच होती.

"तुमी नाय तर मी घालतंय," ती म्हणाली आणि निघून गेली.

बाईने गाऱ्हाणं घातल्याचं आमच्याकडे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी ती देवळात गेली, नारळ ठेवला आणि बोलू लागली. मी अडवायलाच गेलो होतो. पंधरा-वीस माणसं होती, ती सगळी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आमची ठरलेली भाषा तिला येत नव्हती. शेजारणीशी बोलावं तशी ती देवाशी बोलली. "भिकाजीबाबांनी सांगितला ता माझ्यासाठी सांगितला. माका तेव्हा कळूक नाय. देवा, थय एका माउलीचो झील गेलो. तो मानकरीच तेच्या वाटेत आडवो इलो. आता तेका जावंदे. माझो झील परत मिळालो तर तुझे उपकार. पण आणखी खयच्याच आवयचो झील जावंक नाको."

होय म्हणायचं की नाही, हे माझ्याकडे बघून ठरणार होतं. मीच आधी 'होय महाराजा' म्हटलं, मग बाकीचे म्हणाले. घराण्याचा मान त्या सकाळी माझ्या हातून गेला, आणि खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं.

शुक्रवारी तो राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला. शनिवारी सकाळी वयनीच्या दारात ही गर्दी. वयनीने हयसून राष्ट्राध्यक्ष पाडलो, असं कुणीतरी हसत म्हणालं. मी त्याला गप्प बसवलं. माणसं तिथे मेली होती, इथे आम्ही फक्त नारळ ठेवला होता.

तेवढ्यात सगुणचा फोन आला. पाठीमागे गाणी, शिट्ट्या, मोटारींचे भोंगे. वयनीने जेवलास काय म्हणून विचारलं आणि रडली. मग डोळे पुसून तिने खालच्या मजल्यावरच्या विधवेची चौकशी केली, "सकयल्या घरातली ती खय आसा?"

"घरातच आसा. दार लावन बसली."

"तिका फोन दी."

"आई, तिका आपली भाषा खय कळतली?"

"दी म्हणतंय ना."

फोन चालू ठेवूनच सगुण तिच्या दारापर्यंत गेला. मग वयनी आपल्या बोलीत बोलू लागली, पलीकडून ती बाई तिच्या बोलीत. कुणी कुणाला थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने वयनीने फोन खाली ठेवला.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"तिच्या झिलाचा नाव हसन," वयनी म्हणाली. "दहा-बारा वेळा सांगल्यान."