अकरा मिनिटांची उसनवारी

जावई विकायला काढणारा सासरा म्हणून क्लबाच्या चिटणीसांची आठवडाभर टिंगल चालली होती. "नीट बघून विका, जावई परत घेत नाहीत," असं अध्यक्षसुद्धा म्हणून गेले. चिटणीस हसून घेत होते, कारण मनातून ते खूश होते. जावई गोलकीपर, वय एकोणतीस. वरच्या विभागातल्या एकाही क्लबाने आजवर त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं आणि आता एकाने बघितलं होतं. त्यांचा कीपर जायबंदी झाला होता, उरलेल्या नऊ सामन्यांसाठी माणूस हवा होता. खेळाडूंनी क्लब बदलण्याची मुदत आज पाचला संपणार होती.

सव्वाचारला त्या क्लबाचा मॅनेजर आला. अध्यक्षांनी खुर्चीवर वाळत टाकलेली जाळी उचलून त्याला बसायला जागा केली. रक्कम आधीच ठरली होती. तेवढ्या पैशांत मैदानाचं दोन वर्षांचं भाडं निघत होतं, त्यामुळे अध्यक्ष अगदी लोण्यासारखे मऊ झाले होते. जावई भिंतीला टेकून उभा होता, नवा शर्ट घालून.

चिटणीस फॉर्म भरायला बसले. नाव, जन्मतारीख, उंची. मग रकाना आला: चालू मोसमात कोणकोणत्या क्लबांकडून खेळला. त्यांना ती अकरा मिनिटं आठवली.

मोसमाच्या सुरुवातीला शेजारच्या क्लबाचा राखीव कीपर तापाने पडला होता. या लीगमधले छोटे क्लब शेजाऱ्याला शिडी द्यावी तसे खेळाडू उसने देतात. शनिवारी नोंदणी तिकडे, सोमवारी परत. "नुसतं बाकावर बसायचंय," असं सांगून चिटणीसांनीच जावयाला पाठवलं. पण मुख्य कीपर लंगडला आणि शेवटची अकरा मिनिटं जावई गोलात उभा राहिला. नियम तर सरळ होता. एका मोसमात दोनच क्लब. तिसऱ्याकडून खेळला तर वर्षभर बंदी.

त्या सामन्यातल्या खेळाडूंच्या नावांचा कागद लीगच्या संघटनेच्या कपाटात पडून होता. कोणी हरकत घेतली तरच बाहेर येणार. कदाचित नऊ सामने निभावतीलही. चिटणीसांनी मान वर केली. जावई त्यांच्याकडेच बघत होता. त्यालाही आठवलं होतं, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

"काय अडलं?" अध्यक्षांनी विचारलं. पाचला बावीस मिनिटं होती.

"काही नाही," चिटणीस म्हणाले आणि आपल्या क्लबाचं नाव लिहिलं. हात थांबला. एका वर्षाने हा तिशीचा होईल, बंदी भोगलेला. मग याला कोण विचारणार? त्यांनी खाली शेजारच्या क्लबाचं नाव लिहिलं आणि फॉर्म सरकवला.

मॅनेजरने वाचलं, पुन्हा वाचलं. "हा तिसरा होतो आमचा," तो म्हणाला. तो चिडला नाही. टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि दुसरा कीपर गाठायला फोन कानाला लावतच बाहेर पडला. अध्यक्ष त्याच्यामागे धावले. जिन्यावर त्यांची गयावया ऐकू येत राहिली.

खोलीत सासरा-जावई उरले.

"मी तेव्हा नको म्हणालो होतो," जावई म्हणाला.

"हो. मीच पाठवलं."

"आज खोटं लिहिलं असतंत तरी मी सही केली असती, बाबा."

आपल्या चांगुलपणाची चिटणीसांना त्या क्षणी मनापासून शिसारी आली.

जावयाचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं, उचलला नाही. फोन टेबलावर सासऱ्यापुढे ठेवला. "तुम्हीच सांगा."

चिटणीसांनी तो कानाला लावला.

"अहो, झाली का सही?" लेक विचारत होती. "मी सामान बांधायला घेतलंय."

"बाळा," ते म्हणाले, "मी बाबा बोलतोय."