पुढचा डावा पाय पांढरा

घोडा हरवला तर आधी आरडाओरडा करू नये. तबेल्याच्या दारात उभे राहावे आणि नुसते पाहावे. कडी कशी आहे, दोरी तुटली की सुटली, चंदी खाल्ली की तशीच पडली आहे. घोडा कसा गेला हे तो मागे ठेवून गेलेला असतो, आणि आपण पाय आपटत फिरलो की ते आपल्याच पायांनी पुसले जाते. मग पाणी असेल तिकडे जावे, कारण सुटलेला घोडा आधी पाणी शोधतो. मग नालबंदाला सांगावे, गवतवाल्याला सांगावे. शेवटी ठाण्यात जाऊन वर्णन लिहून द्यावे, आणि ते देताना घाई करू नये. पन्नास वर्षे मी वखारीतले लाकूड घोडागाडीने सुतारांकडे पोचवले. मला हे कोणी शिकवायला नको होते.

त्या सकाळी मी सगळे असेच केले. दाराची कडी बाहेरून लावलेली होती, आदल्या संध्याकाळी मी लावली होती तशीच. आत घोड्याच्या तोंडावरची मोरकी भिंतीला बांधलेली लोंबत होती आणि तिचे बक्कल बंद होते. बक्कल सोडल्याशिवाय मोरकी डोक्यावरून निघत नाही, कान आडवे येतात. मी ती हातात धरून बराच वेळ उभा राहिलो, पण त्याचा विचार करायला तेव्हा सवड नव्हती. घोडा एकोणीस वर्षांचा, दाढा झिजलेल्या. भिजवलेली चंदी सोडून त्याला दुसरे काही नीट चाववत नसे. असा घोडा बाहेर फार दिवस तग धरत नाही. दुपारपर्यंत मी नदीचा काठ पाहिला, सगळ्या पाणवठ्यांवर विचारले, आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा ठाण्यात जाऊन हवालदारापुढे बसलो.

"नाव?" त्याने विचारले.

"माझं की घोड्याचं?"

"घोड्याचं."

"त्याला नाव ठेवलेलं नाही."

"का बरं?"

"नाव ठेवण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं."

हवालदार हसला. मी विनोद केला नव्हता.

"खूण सांगा."

"रंग तपकिरी. खूण एकच, पुढचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा."

"डावा की उजवा?"

"डावा," मी म्हणालो, आणि त्याने लिहून घेतले.

अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आले. आमच्या धंद्यात घोड्याचा डावा-उजवा बसल्या जागेवरून, म्हणजे मागून मोजतात. पण थकलेल्या डोळ्यांपुढे तो मला सकाळी दिसे तसा उभा होता, तोंड दाराकडे, माझ्यासमोर; आणि समोरच्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो. पाय उजवा होता. मी परत फिरायला हवे होते. फिरलो नाही. घोडेवाल्याने डावा-उजवा चुकवावा, हे शिंप्याने बाही उलटी लावण्यासारखे आहे, आणि तो हवालदार आधीच एकदा हसला होता. या गावात हरवलेले तपकिरी घोडे असे कितीसे असणार, पाय कोण बघतो, असे मनाशी म्हणून मी घरी आलो.

तिसऱ्या दिवशी निरोप आला की घोडा मिळाला. ठाण्याच्या आवारात तो लिंबाला बांधला होता. मला पाहताच त्याने नेहमीसारखे नाकाड माझ्या काखेत खुपसले. मी त्याचे तोंड पाहिले, दाढा पाहिल्या, सही केली आणि मोरकी चढवून निघालो. घोडा नेताना माणूस त्याच्या डाव्या अंगाने चालतो. चौकात आल्यावर मला दिसले की पांढरा पाय माझ्याच पायाशेजारी पडतो आहे. इतक्या वर्षांत चालताना तो मला कधी दिसला नव्हता. तो पलीकडे असे.

घरी माझी बायको चंदी भिजवून वाट पाहत होती. "आलं का माझं लेकरू," म्हणून तिने त्याच्या मानेवरून हात फिरवला, आणि त्यानेही डोळे मिटून घेतले.

"याचा पांढरा पाय कुठला?" मी विचारले.

"हा काय, डावा. समोर तर आहे."

"आधी कुठला होता?"

"आधी म्हणजे? अहो, पाय आहे तो. मोजा आहे का अदलाबदल करायला?"

मी त्याला नालबंदाकडे नेले. हा नालबंद माझ्याच घोड्यांवर धंदा शिकला, आणि मला काका म्हणतो. त्याने डावा पाय उचलून मांडीवर घेतला, नालेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माझीच नाल. पांढरा खूर ठिसूळ असतो, म्हणून या पायाला पाचच खिळे मारतो मी. मोजा हवे तर."

"पाच तू उजव्याला मारायचास."

"डाव्याला, काका. वर्षानुवर्षं डाव्यालाच." त्याने पाय खाली सोडला. "तुमचं वय झालं आता. घोड्याचंही झालंय म्हणा, पण तो बिचारा तक्रार करत नाही."

पुढे पंधरा दिवस मी त्या घोड्याला गाडीला जुंपले. त्याला सगळे माहीत होते. वखारीच्या फाटकाशी तो आपणहून थांबे, चढावर श्वास घ्यायला जिथे थांबायचे तिथे थांबे, सुतारांच्या गल्लीत कुठल्या दारी वळायचे हे मला सांगावे लागत नसे. त्याच्यात खोड म्हणून काढायला जागा नव्हती. मी मात्र संध्याकाळी घरी आलो की चपला काढायचेही जिवावर येई. कामाचा थकवा झोपले की उतरतो; हा उतरत नव्हता. बसल्या जागी मला एकच दिसे, की तो कुठेतरी रस्त्याकडेला उभा आहे, कोरडे गवत तोंडात धरून ठेवतो आहे आणि चावता येत नाही म्हणून टाकून देतो आहे; आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे पाहून पुढे निघून जातो आहे, कारण कागदावर डावा लिहिला आहे. शिवाय आता तो कागदही बंद झाला. माझ्या सहीनेच बंद झाला. त्याला शोधणारे जगात कोणी उरले नव्हते.

"तुम्ही जेवत का नाही?" बायकोने एकदा विचारले.

"घोडा हरवलाय."

तिने पलीकडे तबेल्याकडे पाहिले. आतून चंदी खाल्ल्याचा आवाज येत होता. मग ती ताट उचलून घेऊन गेली.

सोळाव्या दिवशी दुपारी मी ठाण्यात गेलो. पन्नास वर्षांत जे वाक्य मी कोणापुढे बोललो नव्हतो ते त्या हवालदारापुढे बोललो. "माझी चूक झाली," मी म्हणालो. "पाय उजवा होता."

"आजोबा, हे म्हणजे वरातीमागून घोडं झालं. घोडा मिळाला ना तुम्हाला?"

"नाही मिळाला."

"मग नेलात तो काय बैल होता?"

मी उठलो नाही. तो वैतागला, वही काढली, पान शोधले आणि 'डावा' वर आडवी रेघ मारून वर 'उजवा' लिहिले. "झालं समाधान? आता दुरुस्ती केली तर मालकाची ओळख लिहावी लागते. तुमच्या अंगावरची खूण सांगा."

लहानपणी एका शिंगराने लाथ मारली होती, तिची खोक भुवईवर आहे. तिथे केस उगवत नाहीत. रोज दाढी करताना आरशात ती दिसते, डाव्या हाताला. पण समोरच्याचे उलटे धरायचे, एवढा धडा मी आता शिकलो होतो. या वेळी मी घाई केली नाही. आरशातला माणूस समोर उभा केला, नीट विचार केला आणि सांगितले, "उजव्या भुवईवर खोक."

त्याने मान वर न करता ते लिहिले. मी सही केली.

घरी येऊन मी आधी तबेल्यात गेलो. घोडा भिंतीला टेकून उभा होता. बरगड्या दिसत होत्या, अयाळीत काटे अडकले होते, अंगावर वाळलेला चिखल होता, आणि पुढचा उजवा पाय घोट्यापर्यंत पांढरा होता. पुढ्यातली भिजवलेली चंदी तो अशी खात होता की मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. दुसरा घोडा कुठे गेला हे मी विचारले नाही. विचारणार तरी कोणाला. मी त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिलो. किती दिवसांनी माझे खांदे खाली आले. अयाळीतले काटे एकेक काढले, खरारा केला, पाण्याची बादली भरून ठेवली आणि मग घराच्या पायरीशी आलो.

बायको फडक्याला हात पुसत दारात आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. तिची नजर डाव्या भुवईवरच्या खोकेवर थांबली, मग सावकाश उजवीवर गेली, आणि ती अर्धे पाऊल मागे सरकली.

"घोडा तुम्ही आणून दिलात होय?" ती म्हणाली. "फार उपकार झाले. बसा ना. हे ठाण्यात गेलेत, येतीलच एवढ्यात."

पाय फार दुखत होते. मी पायरीवर बसलो, आणि ती बघत होती त्या रस्त्याकडे बघू लागलो.