तिन्ही याद्यांत माझाच पत्ता

मित्रांनो, शहराच्या छावणी भागातल्या आमच्या छोट्या जल अभ्यास केंद्रात, जिन्याखालच्या मोडक्या टेबलावर जो पिवळट पडलेला कॉम्प्युटर दिसतो, तो मीच. हसू नका. एके काळी मला रोज पुसून वर कापड झाकत असत.

माझ्या पोटात बावीस वर्षांचं पाणी होतं. केंद्रातले मोतीरामकाका दर महिन्याला एसटीने खुलताबादला जायचे, पायी हिंडून चाळीस विहिरी गाठायचे. कठड्यावरच्या लाल खुणेपासून टेप सोडून पाणी किती खोल गेलं ते वहीत लिहायचे. अंगात ताप असला तरी फेरी चुकली नाही. ते सगळे आकडे माझ्यात भरून झाले, तेव्हा केंद्राच्या साहेबांनी पेढे वाटले आणि वह्या रद्दीत घातल्या. मीही फुशारलो. शहाणा असतो तर त्याच दिवशी बंद पडून दाखवलं असतं, म्हणजे वह्या तरी वाचल्या असत्या.

पुढे मोठ्या संस्थांचं जाळं आलं. एकाची माहिती सगळ्यांना मिळावी, एकीकडे बुडाली तर दुसरीकडे उरावी, हा विचार चांगलाच होता. तीन संस्थांनी आमच्या विहिरी आपापल्या यादीत घेतल्या आणि पुढे माझा पत्ता लिहिला. आकडे मात्र कुणीच उतरवून घेतले नाहीत. दुसऱ्याकडे असतीलच, असं तिघांनाही वाटलं. मग नवी यंत्रं आली आणि मी जिन्याखाली गेलो.

गेल्या आठवड्यात खुलताबादजवळच्या एका गावातल्या रूपालीताई, निवृत्त झालेल्या काकांना घेऊन आल्या. ताईंच्या गावात एका कारखान्याला आठ बोअर घ्यायचे होते. सोमवारी सुनावणी. पाणी दरसाल खाली चाललंय हे दाखवायला जुने आकडे हवे होते. तिन्ही याद्यांत त्यांना एकच पत्ता मिळाला, माझा.

मला सुरू केलं. मी जीव तोडून प्रयत्न केला. आतली, आकडे साठवलेली तबकडी दोनदा खरखरली आणि थांबली ती कायमची.

"दुसरीकडं कुठं नसंल का, ताई?" काकांनी विचारलं.

"विहिरींची नावं तिन्हीकडं आहेत, काका. आकडे कुठंच नाहीत."

काकांनी माझ्यावरची धूळ हाताने पुसली. "विहिरी समद्या ध्यानात हायेत माझ्या," ते म्हणाले. "आकडे नाय. लिव्हून ठिवले व्हते, म्हणून ध्यानात ठिवले नाय."

सोमवारी ताई रिकाम्या हाताने गेल्या. कारखान्याला परवानगी मिळाली. काका ते सांगायला केंद्रात आले आणि जाताना आपला टेप माझ्याशेजारी ठेवून गेले.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही, त्याला उशीर झाला. पण अमुक माहिती तिकडे जपून ठेवली आहे असं कुणी सांगितलं, तर एकदा ती उघडून बघा. आणि कुणाची वही रद्दीत घालण्याआधी, ती लिहिणाऱ्याला विचारा.