माझी अकरा डोकी

विद्यापीठाच्या ललितकला विभागात जिना चढून आलात की डाव्या हाताला लांब व्हरांडा लागतो. त्या व्हरांड्यात माझी अकरा डोकी मांडून ठेवली आहेत. डोकं एकच, माझं. करणारे अकरा जण. आणि खाली नावाची पट्टी लावताना प्रत्येकाने आपली हौस भागवून घेतली आहे. पहिलं डोकं 'तत्त्वज्ञ'. दुसरं 'पराभूत राजा'. तिसरं 'भूक'. ते चाललं होतं तेव्हा मी रोज भरपेट जेवून येत होतो आणि बसल्या बसल्या ढेकर गिळत होतो. 'वाट पाहणारा'मध्ये मी खरंच वाट पाहत होतो, चहाच्या सुट्टीची. नवव्याचं नाव 'अंतर्मुख'. त्या वर्षी मला सर्दी झाली होती.

मी इथला मॉडेल. सव्वीस वर्षं शिल्पकलेच्या वर्गात चौथऱ्यावर बसतो आणि पोरं मातीत माझं डोकं घडवतात. एखाद्या वर्षी एखादं फारच जमून जातं, मग ते ओतकाम करून व्हरांड्यात जातं आणि विभागाच्या वार्षिक अंकात छापून येतं, 'आमच्या विद्यार्थ्यांचं घवघवीत यश'. त्यात विद्यार्थ्याचं नाव असतं, शिक्षकांचं असतं, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचं असतं. नाक तेवढं माझं.

काम सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याने समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे पाऊण तास बघून दाखवावं. माझ्या पावलांभोवती खडूने रेघ मारलेली असते, म्हणजे सुट्टीनंतर पाय पुन्हा तिथेच पडतात. चौथरा फिरता आहे. दर पाऊण तासाने मला चतकोर फिरवतात, म्हणून भिंतींना खिळेही चार. चेहऱ्यावरची माशी हलली नाही असं लोक बोलायचं म्हणून बोलतात, मी ती खरोखर बसवून घेतलेली आहे. चेहरा मात्र मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकला होता: भुवया किंचित जवळ, ओठ मिटलेले. असा चेहरा दिवसभर टिकतो. हसू टिकत नाही, दोन मिनिटांत गाल थरथरायला लागतात. म्हणून वर्गात मी कधी हसलोच नाही.

घरी हसतो, आणि ते दृश्य फार बरं नाही. माझा डावा डोळा पूर्ण मिटतो, नाक उजवीकडे पळतं आणि तोंड एका बाजूनेच उघडतं. बायको म्हणते, "हसताना तुमचं तोंड म्हणजे दार अडकलेलं कपाट."

आम्हाला एक मुलगी आहे. लहानपणी सुट्टीत वर्ग रिकामा झाला की ती माझ्या चौथऱ्यावर बसून गरागरा फिरायची, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. चार वर्षांपूर्वी ती स्वतःच्या हिमतीवर याच विभागात, याच वर्गात दाखल झाली. मी तिला पहिल्या दिवशीच बजावलं, "आत पाऊल टाकलंस की मी तुझा कोणी नाही. नाहीतर लोक म्हणतील, मॉडेलची पोरगी म्हणून हिला पुढे काढली." तिने मान डोलावली आणि आत शिरताच मला म्हणाली, "काका, हनुवटी जरा वर घ्या." इतक्या सहज, की मला ते लागलं. अट माझीच होती, पण लागलं. आडनावावरून कोणाला संशय येईल अशी धास्ती होती; ती फुकटच गेली, कारण त्या इमारतीत माझं आडनाव कोणाला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांचा मी काका.

आता शेवटच्या वर्षाची परीक्षा. दहा दिवस, एक मॉडेल, नऊ विद्यार्थी, मातीतलं हुबेहूब डोकं. साम्य आलं नाही तर बाकी कितीही कलाकुसर करा, नापास आणि वर्ष वाया. प्रश्नपत्रिका ओळीभराची आणि परीक्षा घेणारे विभागप्रमुख. त्यांना पोरं ओळंबा म्हणतात. ते खिशात गवंड्याचा ओळंबा घेऊन फिरतात, दोरीला पितळी लंबक, आणि दिसेल त्या डोक्यासमोर तो धरून एक डोळा मिटतात. व्हरांड्यातलं पहिलं डोकं, 'तत्त्वज्ञ', त्यांनीच विद्यार्थी असताना केलेलं. त्या एका डोक्यावर गडी प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत गेला, असं मागून सगळे बोलतात, आणि मीही बोलतो.

पहिले दोन दिवस भिंगरीने इतरांसारखंच काम केलं. लोखंडी सळीच्या सांगाड्यावर माती चढवली, अंतरं मोजली, मला चारही बाजूंनी बघितलं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघणं सोडलं. मान खाली, हात मातीत, आणि मी समोर बसलोय ते तिच्या खिजगणतीत नाही. मला मान वळवता येत नव्हती. खिळ्याकडे बघता बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे कोपर तेवढे दिसायचे. बाकीची आठ जणं दर मिनिटाला माझ्याकडे बघून डोळे बारीक करत होती आणि माझी स्वतःची पोरगी परीक्षेत मॉडेलकडे पाठ करून उभी. वाटलं ओरडावं, बये, इकडे बघ! पण अट माझीच, आणि मॉडेलने तोंड उघडायचं नसतं.

घरी परीक्षेबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हेही माझंच. ती मात्र त्या दिवसांत भलतीच खुशीत. जेवताना रोज माझ्या समोर बसायची आणि ओळंब्याची नक्कल करायची. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा चमच्याला बांधायचा, चमचा माझ्या नाकासमोर लोंबता धरायचा, एक डोळा मिटून गंभीर आवाजात म्हणायचं, "नाक ढासळतंय. खाली टेकू द्या." मी घास तोंडात असताना हसायचो, ठसका लागायचा, बायको दोघांना ओरडायची. सात दिवस तोच चमचा, तेच वाक्य, आणि मी मूर्खासारखा दर वेळी हसायचो. मनात म्हणत होतो, पोरगी नापास होणार आहे आणि तरी बापाला हसवतेय.

निकालाच्या दिवशीही मॉडेलला पोझमध्ये बसावं लागतं, म्हणजे परीक्षकांना पडताळता येतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्क होत्या, पायात साधी चप्पल, खांद्याला पिशवी, पिशवीत डोकं मोजायचा मोठा लाकडी कंपास. नऊ स्टँड रांगेत, डोक्यांवर ओली फडकी, प्रत्येकापुढे नावाची पट्टी पालथी घातलेली. एकेक फडकं निघायला लागलं. आठ वेळा माझाच भुवया आक्रसलेला चेहरा निघाला. ओळंबा दर वेळी मान हलवत होते, "छान. हा आमचा काका."

नववं फडकं भिंगरीने स्वतः काढलं.

त्या दिवशी मला चौथऱ्यावर नेमकं तिच्या स्टँडसमोर फिरवून ठेवलं होतं, म्हणून मला दिसलं. डावा डोळा मिटलेला. नाक उजवीकडे. तोंड एका बाजूने उघडं आणि आत वरचा तुटका दात. दार अडकलेलं कपाट. दहा दिवस मला कळलं नव्हतं ते तेव्हा डोक्यात शिरलं: ती माझ्याकडे बघत नव्हती असं नाही, घरी जेवताना बघत होती. वर्गात मी आठ जणांसाठी बसलो आणि घरी एकटीसाठी, तेही न कळता, जेवता जेवता.

वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. ओळंबा पुढे आले.

"हे काय आहे?"

"परीक्षेचं काम, सर," भिंगरी म्हणाली.

"समोर बसलेला माणूस दिसला नाही तुला?"

बाईंनी भिंगरीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि मोठ्याने वाचली. "'समोर बसलेल्या व्यक्तीचं डोकं घडवा.' पोझचं घडवा असं कुठे लिहिलंय? व्यक्ती हीच असेल तर मला चालेल."

"पण ही व्यक्ती हीच नाही ना!" ओळंब्यांचा आवाज चढला. "साम्यच नाही. साम्याला शून्य, म्हणजे नापास. काम चांगलं आहे, पण कोणाचं आहे ते देव जाणे."

भिंगरीने एकदाच माझ्याकडे बघितलं. तिला एक वाक्य बोलता आलं असतं, हे माझे बाबा आहेत, घरी हे असेच हसतात. ती बोलली नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिली, माझ्या अटीपायी. तिचं वर्ष माझ्या शहाणपणापायी वाया चाललं होतं आणि मी खिळ्याकडे बघत होतो. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

ओळंब्यांनी खिशातून लंबक काढला. तिने केलेल्या डोक्याच्या नाकासमोर तो लोंबता धरला आणि एक डोळा मिटला.

"मी या माणसाला सव्वीस वर्षं ओळखतो," ते गंभीरपणे म्हणाले. "याचं तोंड असं कधी होतच नाही. आणि हे नाक बघा. नाक ढासळतंय."

चमचा. हुबेहूब तो चमचा, तोच मिटलेला डोळा, आणि वाक्यसुद्धा तेच! मी दात आवळले, खिळ्याला घट्ट धरून राहिलो, मनात उलटे आकडे म्हटले. काही उपयोग झाला नाही. पोटातून जे निघालं ते थेट छताला जाऊन आदळलं. सव्वीस वर्षांत चौथऱ्यावर जे साठलं होतं ते सगळंच बहुतेक बाहेर पडलं. डावा डोळा मिटला, नाक पळालं, तोंड एका बाजूने उघडलं.

सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मातीकडे, पुन्हा माझ्याकडे.

"थांबा!" बाई कंपास घेऊन चौथऱ्याजवळ धावल्या. "आहात तसे राहा. मोजू दे मला."

हसू मोजायला वेळ लागतो. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, कानापासून हनुवटीपर्यंत, मग तेच मातीवर जाऊन पडताळायचं, पुन्हा माझ्याकडे यायचं. दोन मापं झाली आणि माझे गाल थरथरायला लागले. डोळा उघडायला लागला. हसू ओघळून चाललं होतं आणि बाई अजून मातीपाशीच होत्या.

"बाबा, हलू नकोस!" भिंगरी ओरडली. "चमचा आठव, बाबा!"

चार वर्षांत त्या खोलीत ती हाक पहिल्यांदा आली. हसू पुन्हा वर चढलं, डोळा मिटला, आणि मिटलेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं नव्हतं. मी तसाच बसलो. पाण्याने मापं बदलत नाहीत.

बाईंनी शेवटचं माप घेतलं आणि कंपास मिटला. "हेच डोकं आहे. शंकाच नाही."

ओळंब्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "बाबा? ही तुमची मुलगी? मग हे आधी सांगायला नको?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" मी म्हणालो. चौथऱ्यावरून बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. "मार्क वाढवले असते की कापले असते?"

त्यांनी लंबक खिशात घातला. बाईंनी यादीत आकडा घातला आणि शेरा लिहिला: साम्य उत्तम, कान कच्चे. कान खरंच कच्चे होते. जेवताना ती माझ्या कानांकडे कशाला बघेल. पहिला नंबर तिचा नाही आला. तो दुसऱ्या एका पोराच्या आक्रसलेल्या भुवयांना गेला, त्याची पट्टी उलटली तर 'मौन' निघालं. बारावं डोकं ते. असू दे. भिंगरी पास झाली होती आणि स्टँडला टेकून उभी होती.

यादी पुरी करायला तिच्या कामाचं नाव हवं होतं. ओळंब्यांनी तिची पट्टी उलटली, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं. एका पुरुषाचं नाव आणि पुढे त्याच्या वडिलांचं, एवढंच. त्यांनी पट्टीची मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची.

"हे कोण?" त्यांनी वर्गाला विचारलं.

भिंगरी सोडून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या आठही जणांना माझ्या गालाच्या हाडाची लांबी तोंडपाठ होती.

मी खडूच्या रेघेतून पाय काढला, चौथऱ्यावरून खाली उतरलो आणि हात वर केला.

"हजर," मी म्हणालो.