मूळ प्रत

प्रेमिलाताईंनी सत्कारात मिळालेली फ्रेम उलटी केली आणि नखानं मागचा पुठ्ठा उचकटायला घेतला. स्टेजवरच! टाळ्या अजून थांबल्याही नव्हत्या.

"आजी, घरी उघडू ना," पहिल्या रांगेतून नात मयुरा कुजबुजली.

"थांब वं."

काचेतून दिसत होता तो नागपूरच्या तलावांचा जुना नकाशा. झेरॉक्स नाही, मूळ! प्लायवूडवर गोंदानं गच्च चिकटवलेला. वाळवीनं खाल्लेला त्याचा कोपरा ताईंनीच कधीकाळी पातळ कागद लावून सांधला होता.

या सरकारी अभिलेखागारातल्या त्या पहिल्या बाई अभिलेखपाल. भाषणांत सगळे तेच सांगत होते. त्या रुजू झाल्या तेव्हा कुणी बसायला तयार नसलेल्या कुबट खोलीत त्यांचं टेबल टाकलं होतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. त्याच खोलीतले सडके गठ्ठे सावलीत वाळवून, लाल कापडात बांधून त्यांनी अख्खं दफ्तर उभं केलं होतं.

"रोशन!"

त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता त्यांच्याच खुर्चीवर बसणारा रोशन पुढं आला.

"गोंद? हेच शिकवलं का गा मी तुले? आन सरकारी कागद माह्या घरी काहून? मी चोर आहो का?"

माईक चालू होता. रोशननं आधी तो बंद केला.

"मॅडम, स्कॅनिंग झालं. वरून ऑर्डर आली. सारे गठ्ठे उद्या टेम्पोत जाऊन राहिले, कागद कारखान्यात, लगदा करायले. हा एक तरी वाचावा म्हणून... फ्रेम नसती केली तर गेटवर अडवला असता."

ताईंचा हात त्याच्या गालाच्या दिशेनं उठला. अर्ध्यावर थांबला.

"एक?" त्यांचा आवाज फाटला. "बाकीचे का आपले नव्हते गा?"

ताईंनी तोच हात पुढं केला.

"चाबी दे."

"ताई, दोन शब्द बोला ना!" मागून संचालकसाहेब हसत म्हणाले. ताई पायऱ्या उतरून पार व्हरांड्यात पोचल्या होत्या. त्यांनी गठ्ठ्यांच्या खोलीचं कुलूप काढलं, खांद्यावरची सत्काराची शाल उंबऱ्यावर अंथरली आणि दारातच फतकल मारली.

साहेब धावत आले. "मॅडम, हे काय? उठा बरं."

"उठवून दाखवा."

साहेबांनी रोशनकडे पाहिलं. रोशन फरशीकडे पाहत होता.

"मयुरा, घरी सांग," ताई म्हणाल्या, "मी जेवायले येत नाही."

मयुरानं फोन काढला.

"माझ्याही घरी सांगजो," रोशन म्हणाला. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं आणि शालीच्या कडेला बसला.